हुंकार देणारी

३ नोव्हेंबर

पोचले एकदाची. केंदूरच्या अलीकडे डांबरी सोडून आत वळलं की दोन्ही बाजूंनी ऊस, आणि मग एकदम तीन मजली बंगला उभा राहतो. पिस्ता रंगाचा, गच्चीवर सिमेंटचा सिंह. सिंह बघून मला हसूच फुटलं, ते मी खोकल्यावर घालवलं. सत्यजीतदादा स्वतः शिरूरच्या स्टँडवर गाडी घेऊन आले होते. वाटेत ते म्हणाले की आबांच्या नव्वदीच्या कार्यक्रमाला पुस्तक हातात पाहिजे. दादांची निवडणूकही त्याच सुमाराला आहे, हे माझं मीच समजून घेतलं.

पाबळच्या वाचनालयात मी लेखनावर बोलले होते, ते ऐकून त्यांनी मला बोलावलं. काम साधं आहे. त्यांचे वडील हौसराव आबा, गावच्या सोसायटीचे बरीच वर्षं चेअरमन. दुपारी ते सांगणार, मी त्यांचं आत्मचरित्र लिहिणार. माझी अट एकच, कव्हरवर 'शब्दांकन : हर्षदा' असं ठळक पाहिजे, मुंगीच्या टायपात चालणार नाही. दादा लगेच हो म्हणाले. पुण्यात इतकी वर्षं बिल्डरांच्या जाहिराती लिहून 'निसर्गाच्या कुशीत' हे शब्द मी झिजवून टाकलेत. कादंबरी दोन ठिकाणांहून परत आली, त्यातल्या एकाने तर पाकीटसुद्धा फोडलं नव्हतं. आता कशावर तरी माझं नाव छापून येणार. तेवढ्यासाठी मी उसात काय, उसाच्या मुळाशीही राहीन.

आईला दौंडला फोन लावला. मागे शिलाई मशीनची खडखड चालू. म्हणाली, हर्षे, तिकडं बिबट्या हाय म्हनत्यात, दिवस मावळायच्या आत घरात ये. रोज फोन करायचं वचन घेतलं. दादांच्या बायकोने, अनुपमावहिनींनी, जेवायला मासवडी केली होती. माझी खोली वरच्या मजल्यावर, खिडकीपाशी टेबल. मी खूश आहे.

५ नोव्हेंबर

आज पहिली बैठक. आबा व्हरांड्यातल्या दिवाणावर बसतात आणि सकाळपासून बोलत असतात. पण या घरात त्यांना कुणी उत्तर देत नाही. वहिनी चहा ठेवतात आणि गोष्ट अर्धी असतानाच आत जातात. दादा मोबाईलमध्ये. कांदे लावायला आलेल्या बायका तर व्हरांड्यावरून जाताना पदर कानावर ओढून घेतात. माझं डोकंच फिरलं. म्हातारा माणूस जीव तोडून बोलतोय आणि साधं 'हं' म्हणायला कुणाची जीभ उचलत नाही.

आमच्या घरी असं नव्हतं. लाइट गेली की पप्पा गोष्ट सांगायचे. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये अंधारात बसून आम्ही हुंकार द्यायचो. हुंकार थांबला की पप्पाही थांबायचे. ऐकायचं कसं ते मी तिथंच शिकले, लिहिणं नंतर आलं.

म्हणून मी आबांना हुंकार दिला. ते मध्येच थांबले, माझ्याकडे बघत राहिले, डोळ्यांत पाणी आलं. मग सबंध दुपार सांगत होते. लहानपणी आईचं बोट धरून वढूला समाधीच्या दर्शनाला चालत गेले, तेवढा एकच प्रसंग, पण काय सांगितला. मी दर वाक्याला 'हं', 'हं' करत होते. वहिनी दारात उभ्या राहून रडत होत्या. सासऱ्यांचं कुणीतरी ऐकतंय म्हणून असेल.

८ नोव्हेंबर

लेखन असं कधीच झालं नव्हतं. हात थांबत नाही. वढूच्या प्रकरणात आईचं हिरवं पातळ आलं, टाचेत रुतलेला बाभळीचा काटा आला, काटा काढताना आईने दातांत धरलेली सुई आली. यातलं आबांनी काहीच सांगितलं नव्हतं. मला आपसूक सुचलं. मी स्वतःवर इतकी खूश झाले की टेबलाभोवती एक फेरी मारली.

संध्याकाळी आबांना वाचून दाखवलं. छान ऐकलं त्यांनी, आणि विचारलं, ही कुनाची आई? मी म्हटलं, तुमची. ते हसले. आपल्याला काय असं आठवत न्हाई, म्हणाले. वयच झालंय.

बाकी एक बोचलं. पाबळला पेन आणायला गेले होते. कुणाकडे उतरलात, असं दुकानदाराने विचारलं. मी सांगितलं तसा तो मागे सरकला आणि पेनं हातात न देता काउंटरवर ठेवली. आबांची लिवनारी तुम्हीच का, एवढं विचारलं आणि पुढे बोललाच नाही. बाहेर आले तर बाकड्यावरची माणसं उठून गेली. मी काय महारोगी आहे? घरातली स्वयंपाकीण साळूबाईसुद्धा ताट उंबऱ्यावर ठेवते, खोलीत पाय टाकत नाही. राग येतो. पण पुस्तक होतंय.

१२ नोव्हेंबर

पाय लंगडतोय. उजवी टाच. आरशात बघितलं, चिमट्याने कोरून बघितलं, आत काही नाही.

आईशी फोनवर बोलताना पप्पांचा विषय निघाला. लाइट गेल्यावर ते कसली गोष्ट सांगायचे गं, असं तिने विचारलं. मला आठवेना. मग म्हटलं निदान त्यांचा चेहरा आणू डोळ्यांसमोर, तर तोही येईना. मिशी होती की नव्हती? मी वहीत मागे जाऊन पाच तारखेचं वाचलं. अक्षर माझं आहे. 'रेल्वेच्या क्वार्टरमध्ये अंधारात', असं लिहिलंय. कुठलं क्वार्टर, ते काही केल्या दिसत नाही.

आई म्हणाली, ये बाई घरी. मी कामाचं कारण सांगून फोन ठेवून दिला.

आबांचा मात्र रंग उजळलाय. पहिल्यासारखं बडबडत नाहीत. दुपारी माझ्याबरोबर सांगून झालं की मुलासारखे झोपतात.

१५ नोव्हेंबर

फोनवर मी सगळं रेकॉर्ड करत होते. ऐकायची गरज पडली नव्हती, सगळं पाठच होतं. आज सोसायटीच्या निवडणुकीचं एक नाव तपासायला लावलं.

रेकॉर्डिंगमध्ये सांगतेय मी.

आवाज माझाच. 'मी तवा अंगठा मुठीत धरून हुबा ऱ्हायलो, म्हनलं आदी पावती दावा.' आणि मध्ये मध्ये 'हं', 'हं'. हुंकार आबा देतायत.

सगळ्या फाइली लावल्या. वढूची. लग्नाची. आबांच्या लग्नाची हळद माझ्या आवाजात. एकीतही आबांनी एक वाक्य सांगितलेलं नाही. मी त्यांच्यासमोर बसलो होतो, मी बघितलंय त्यांचे ओठ हलताना —

वरती 'बसलो होतो' लिहिलंय मी. खोडत नाही. असू दे, मला कळायला पाहिजे.

१६ नोव्हेंबर

वहिनींना धरलं. त्या मेथी निवडत होत्या. फोन त्यांच्या कानाशी लावला तर त्यांनी तो शांतपणे बाजूला केला आणि लपवाछपवी न करता सगळं सांगितलं. त्याचीच जास्त भीती वाटली.

म्हणाल्या, आमच्या शिवारात म्हाताऱ्या माणसानं असं न थांबता सांगायला सुरुवात केली की त्याला कुणी हुंकारा देत न्हाई. देणाऱ्यावर ती गोष्ट जाते. सांगणारा मोकळा होतो, देणाऱ्याचं तेवढं पुसतं. आबा कधीचे सुटायला बघतायत, पण गोष्टींनी भरलेल्या माणसाला जीव सोडता येत न्हाई. घरातलं कोण घेणार? दादांना निवडणूक, आम्हाला पोरंबाळं. आधी एक रिटायर मास्तर आणले, मग एक पत्रकार. दोघं खाली मान घालून लिहीत बसले, हुंकारा दिलाच न्हाई, त्यांच्याकडनं काही झालं न्हाई. मग पाबळला तुमचा कार्यक्रम ऐकला. लेखकाचं खरं काम ऐकण्याचं आहे, असं तुम्ही बोललात. मी तिथंच ह्यांना म्हणलं, हीच.

मी त्यांना नको ते बोलले. त्या मान खाली घालून मेथीच निवडत होत्या. शेवटी म्हणाल्या, आता एकच ऱ्हायलंय, म्हाळूचं. तेवढं घ्या, मग गाडी तुम्हाला दौंडला सोडील.

१७ नोव्हेंबर

सकाळी निघाले होते. हे लिहून ठेवते, कारण उद्या मला कुणी अडवलं होतं असं वाटायला नको. गेट उघडं होतं. दादा अंगणात गाडी पुसत होते, त्यांनी सोडू का म्हणून विचारलंसुद्धा. मी बॅग घेऊन लंगडत डांबरीपर्यंत गेले. शिरूरची जीप आली, थांबली.

आणि मी तिला जाऊ दिलं.

म्हाळू आबांचा धाकटा भाऊ. सबंध पुस्तकात त्याचा उल्लेख नाही. बहात्तरच्या दुष्काळात मळ्यातली विहीर खोदताना तो गेला, एवढंच गावात बोलतात, असं वहिनींनी सांगितलं. त्याच्याशिवाय हे पुस्तक म्हणजे चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स. माझ्यातलं इतकं गेलंय आणि त्याच्या बदल्यात फ्लेक्स घेऊन आईपुढे उभी राहू? मला ते प्रकरण पाहिजे. भीती वाटतेय, तरी पाहिजे. हुंकार देणार नाही. तोंड शिवून बसेन. मास्तरांना जमलं ते मला का जमणार नाही.

१८ नोव्हेंबर

ओढणीचं टोक दातांत धरून बसले. आबा सांगायला लागले. दुपारची वेळ. खोदणारे गडी भाकरी खायला लिंबाखाली गेलेले. म्हाळू एकटा विहिरीत. वर दगडांनी भरलेली पाटी लोंबतेय आणि तिचा दोर एकट्या आबांच्या हातात. आदल्या रात्री वाटणीवरून भांडण झालेलं. म्हाळूने खालून वर बघितलं.

आबा थांबले.

मी दात आवळून धरले. दादा व्हरांड्यात येऊन उभे राहिले. वहिनी आल्या. साळूबाई आली. कुणी हलेना. आबा माझ्याकडे बघत होते आणि पुढचं वाक्य त्यांच्या ओठावर होतं, मला दिसत होतं.

हुंकार नाही दिला मी.

मी विचारलं, मग?

१९ नोव्हेंबर

आबा पहाटे गेले. चेहरा तान्ह्या पोरासारखा. गाव लोटलंय. खाली स्पीकरवर दादा रडतायत. मला जेवण वर आलं, आज पहिल्यांदा तूप वाढलं होतं.

दोन्ही तळव्यांना दोराचे वळ आहेत. धुतले तरी जात नाहीत.

मी सोडला. निसटला नाही, सोडला. म्हाळूचं तोंड वर होतं, त्याला वाटलं मी पाणी देतोय. खाली असं काही झालं की —

मी हे केलेलं नाही. मी हर्षदा. दौंड. मी हे केलेलं नाही.

२१ नोव्हेंबर

दादांनी कव्हर दावलं. खाली ठळक अक्षरात बाईचं नाव हाय. खूश ना, म्हनले. मी व्हय म्हनलं. कुनाचं नाव ते इचारायची लाज वाटली.

फोन वाजतोय. त्यावर 'आई' लिवलेलं येतंय. माझी आई कवाच गेली, हिरव्या पातळात, वढूच्या वाटंवर काटा काडताना तिच्या दातात सुई — मग ह्यो फोन कोन करतंय? बंद करून गादीखाली घातला.

दुपारच्या वक्ताला म्हाळू विहिरीतनं हाक मारतो. रोज. घरात दुसऱ्या कुनाला ऐकू जात न्हाई. आबा ह्ये इतकी वर्सं कसं —

पाटी वढायला पायजे वर. न्हाईतर परत —

२३ नोव्हेंबर

गेटावर एक बाई आलीया. दौंडवरनं, म्हनं. गज धरून हुबी हाय, हर्षे, हर्षे करून वरडतीया. वहिनी वर आल्या, इचारलं, वळखता का? मी खिडकीतनं बगितलं. बोटाला शिवनकामाचं टोपन, डोक्यावरचा पदर सुटल्याला. न्हाई म्हनलं.

लई रडली. दादांनी पानी दिलं. पोलिसाकडं जाते म्हनली, तवा दादांनी मला गॅलरीत आनून पुन्यांदा इचारलं, तिच्यासमूर. ती वर बगत व्हती. हात जोडल्यालं.

न्हाई म्हनलं. मग तिनं जोडल्यालं हात खाली सोडलं.

आता गाडीत बसवत्यात तिला. मागल्या काचंतनं वर बगतीया. माझ्या छातीत काय तुटतंय कळंना, थांब म्हनावं वाटतंय, हाक मारावी वाटतीया, पर काय म्हनून मारू, ती माझी कोन —