तुमचा वेग मी आज पुसला

अहो,

तुमच्या कॉम्प्युटरला तुम्ही लावलेला वेग मी आज दुपारी पुसून टाकला. या घरात त्या मशीनला हात लावायच्या आधी तुम्हाला विचारायची पद्धत होती. आज विचारायला तुम्ही नव्हता, म्हणून हात लावून झाल्यावर कळवते आहे. रागवायचं तर रागवा, पण आधी पूर्ण वाचा.

प्राजक्ताचं लग्न आठवतं ना, हडपसरचं? तुमचं शेवटचं काम. शूटिंग करून आलात, सगळ्या फाइली मशीनमध्ये भरल्यात, कॅमेऱ्याची कार्डं पुसून पुढच्या कामासाठी तयार ठेवलीत आणि त्याच आठवड्यात गेलात. पुढच्या कामाची केवढी घाई होती तुम्हाला! एडिटिंग माझ्याकडे राहिलं. मी ते फोल्डर उघडलंच नाही. प्राजक्ताच्या वडिलांनी, तात्यांनी, एकदाही तगादा लावला नाही. "वहिनी, सावकाश करा," एवढंच म्हणाले.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. प्राजक्ताचे आजोबा, नाना, गेले.

"वहिनी, नानांचं चालतं-बोलतं असं तेवढंच शूटिंग हाय. चार दिसांनी सकाळी घाटावर दशक्रिया हाय. मोठा पडदा लावतोय. पाच मिन्टं जरी नाना दिसलं ना, तरी बास."

दशक्रिया उद्या आहे. हे मला काल सांगितलं असतं तर मी नाही म्हणाले असते. पण त्यांनी चार दिवस आधी सांगितलं होतं आणि मी हो म्हणून बसले होते.

तुमचं मशीन काही हो म्हणेना. त्या मोठ्या कॅमेऱ्याच्या फाइली उघडल्या की पडदा गोठायचा. नुसत्या बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायला घेतल्या तर निम्म्यात गोठायचा. रॅम कमी पडते, हे मलाही कळत होतं. तुम्हीच म्हणायचात, "या कॅमेऱ्याला रॅमच्या दोन पट्ट्या पुरायच्या नाहीत, चार लागतील." मग घातल्या का नाहीत? कॅमेरा आणायला सुचलं, पट्ट्या आणायला नाही?

मुग्धाला फोन केला. ती बंगळुरूहून म्हणाली, "आई, सीरियसली, तो डबा फेकून दे. डिस्क काढ आणि कुणाच्याही पीसीला लाव, डेटा मिळेल."

तिला कुठे ठाऊक, तिच्या बाबांनी वेगासाठी दोन डिस्क एकमेकींना जोडून ठेवल्यात? प्रत्येक फाइलचा निम्मा तुकडा एकीवर, निम्मा दुसरीवर. जोडून वाचायचं कसं, हे फक्त मशीनमधल्या त्या जुन्या मदरबोर्डाला माहीत. बोर्ड गेला तर नाना गेले, दुसऱ्यांदा. आणि तुमचं शेवटचं काम गेलं. साधं सरळ काही करायचंच नाही, हा तुमचा बाणा. प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगाने का चालवायचा, आपण वाढवून चालवू. तो तापतो, मग झाकण काढा. झाकण काढलं, मग टेबलफॅन लावा. उन्हाळ्यात आम्ही घामाने निथळतोय आणि पंखा मशीनला!

आज सकाळी तपकीर गल्लीत गेले. तुमच्या नेहमीच्या दुकानदाराने तुमच्याच पट्ट्यांसारख्या आणखी दोन शोधून दिल्या. म्हणाला, "वहिनी, भाऊंचं मशीन म्हणजे ओव्हरक्लॉक केलेलं, वेग वाढवलेलं. आधी ते नॉर्मलवर आणा, मग पट्ट्या घाला. चार पट्ट्या घेऊन त्या स्पीडला ते उठायचं नाही. जुनं झालंय आता."

मी ऐकलं नाही. तो वेग तुम्ही रात्री जागून, एकेक आकडा वाढवत, मशीन बंद पडलं की एक पाऊल मागे येत बसवला होता. तुमच्या हातचं असं चालतंबोलतं दुसरं काय उरलंय घरात? ते माझ्या हाताने पुसायचं नव्हतं मला.

घरी आले. वायर काढली. तुम्ही करायचात तसा, अंगातली वीज उतरावी म्हणून, स्वयंपाकघरातल्या नळाला आधी हात लावला. चार खाचा, दोन भरलेल्या, दोन रिकाम्या. रिकाम्यांत नव्या पट्ट्या बसवल्या, दोन्ही टोकांना खट्ट आवाज येईपर्यंत दाबल्या. बटण दाबलं.

पंखे फिरले, थांबले. पुन्हा फिरले, पुन्हा थांबले. पडदा काळा तो काळाच.

नव्या काढून फक्त तुमच्या दोन ठेवल्या. तरी तेच. त्यात तात्यांचा फोन, "वहिनी, पडदेवाला इचारतोय, फाइल कवा मिळंल?" मी म्हटलं, "संध्याकाळी." कशाच्या जिवावर म्हटलं, देव जाणे.

आता एकच उपाय माहीत होता. बोर्डावरचा तो नाण्याएवढा सेल काढायचा, म्हणजे बोर्ड सगळं विसरतो आणि कंपनीतून आला तसा कोरा होतो. नख सेलखाली घातलं आणि बसून राहिले. मनात म्हटलं, आत्ता उठला पंखा तर उठला. नाही उठला. शेवटी सेल काढला. तुमचा वेग गेला. मी रडले, हेही सांगून टाकते.

सेल परत बसवला, चारही पट्ट्या घातल्या, बटण दाबलं. पंखे फिरले, थांबले.

तेव्हा मात्र मला तुमचा संताप आला. तुमचं पुसूनही उठत नाही म्हणजे काय? पट्ट्या उपटल्या, मोबाईलचा टॉर्च लावून रिकाम्या खाचेत पाहिलं. आत काहीतरी लाल-पिवळं. दात कोरायची काडी घालून उकरलं.

तांदळाचा दाणा निघाला. कुंकू लावलेला, वाळून टणक झालेला. अक्षता!

दर दसऱ्याला मी सांगायचे, अहो, झाकण लावून पूजा करा. "पूजा यंत्राची करायची असते, पत्र्याची नाही," असं म्हणून तुम्ही उघड्या पोटावर हळद-कुंकू आणि अक्षता टाकायचात. वर झेंडूचं फूल. आणि मला फडकं मारायला बंदी, कारण मी म्हणे वायर हलवेन. किती वर्षं तो दाणा त्या खाचेत बसला होता? दुसऱ्या खाचेतून हळदीची खपली निघाली. काडीने कोरलं, रंगाच्या कोरड्या ब्रशने झाडलं, फुंकर मात्र मारली नाही. फुंकरीत थुंकी असते, हे तुम्हीच शिकवलंत. अक्षतेचं तेवढं शिकवायचं राहिलं.

पट्ट्या बसवल्या. बटण दाबलं. पंखे फिरले आणि फिरतच राहिले.

मग दोष नुसत्या तांदळाचा होता, की वेगाचाही? मी आधी पुसलं आणि मग दाणा सापडला, त्यामुळे हे आता कधीच कळणार नाही. दुकानदार म्हणेल वेगाचाही. मला वाटतं नुसत्या तांदळाचा. तुमचं काय मत आहे, ते सांगायला तुम्ही नाही आहात, आणि तुमचं मत ऐकायला लागू नये म्हणून एरवी मी खोली सोडून जायचे.

अजून संपलं नव्हतं. पडदा उजळला आणि त्यावर दोन डिस्क वेगवेगळ्या दिसल्या. दोन्ही रिकाम्या. खाली प्रश्न, डिस्क नवीन आहे, वापरासाठी तयार करू का? हो किंवा नाही. बाण नेमका होवर येऊन उभा.

काय झालं माहीत आहे? मला तुम्ही ऐकू आलात. स्वयंपाकघरात मी भाजी परतत असताना तुम्ही दारात उभं राहून बोलला होता, मी अर्धवट कानाने ऐकलं होतं. "कधी दोन डिस्क वेगळ्या दिसल्या तर घाबरू नको आणि कशालाही हो म्हणू नको. ही जोडी आहे, एवढं बोर्डाला परत सांगावं लागतं, बस."

मी नाही म्हटलं. बंद करून सेटिंगच्या पानावर गेले, एकेक ओळ बोट ठेवून वाचली आणि ती जोडीची ओळ सापडली. परत चालू केलं. एकच डिस्क दिसली, भरलेली. आत फोल्डर, त्यावर तुम्ही दिलेलं नाव, "प्राजक्ता लग्न, घाई नाही".

आधी सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतलं. या वेळी कुठेही गोठलं नाही.

नाना सापडले. फेटा बांधून मांडवात खुर्चीवर बसलेले, काठी गुडघ्यांत. आणि कॅमेऱ्यामागून तुम्ही.

"नाना, नातीसाठी काहीतरी बोला."

"काय बोलू? तूच सांग."

"मी काय सांगू? नात तुमची."

"मग माझ्याकडं काय बघतो? तिच्याकडं धर ती मशीन. मला काय बघायचं, मी हायेच."

तुम्ही हसलात. नाना हसले. कॅमेरा हलला.

इतकी वर्षं मी पहिलं काम काय करायचे? तुमचा आवाज कापायचे. "दादा, जरा डावीकडे," "काकू, मान वर," सगळं कचऱ्यात. लग्न गिऱ्हाइकाचं, त्यात कॅमेरावाल्याचं काय काम? आपण दोघांनीच ठरवलेला नियम तो. आज सवयीने कात्री तुमच्या पहिल्या शब्दावर नेली आणि थांबले. तुम्हाला कापलं तर नाना हवेशी बोलतात.

तात्यांना फोन लावला. "मागचा आवाज यांचा आहे. ठेवू का?"

"ठेवा की, वहिनी. नाना कुणाशी बोलत्यात ते लोकांना कळाय नको?"

फाइल दिली आहे. उद्या सकाळी घाटावर मी जाणार आहे. तुमच्या दहाव्याला मी नुसती बसून होते, कुणी काय बोललं ते आठवत नाही. उद्या नीट ऐकेन.

आता शब्द देते. मशीनला झाकण लावलं आहे, ते मी दसऱ्यालाही काढणार नाही. पूजा पत्र्याची होईल. तुमचा वेग परत लावायचा प्रयत्न करणार नाही, मला तो झेपणार नाही आणि मशीनलाही. आणि प्राजक्ताचं अख्खं लग्न अजून कापायचं आहे. नियमाप्रमाणे तुम्हाला काढेन, पण कचऱ्यात टाकणार नाही. जिथे जिथे बोललात ते सगळं एका जागी ठेवेन, "जरा डावीकडे"सुद्धा. पुसायचं का असं मशीन विचारेल तेव्हा काय म्हणायचं, ते तुम्ही शिकवलेलं आहे.

तुमची,
सुलभा