आप्पांचं आगाऊ तेरावं

॥ श्री ॥
सातारा, ता. ९ फेब्रुवारी १९६४

ती. आप्पांच्या चरणी सोपानचा शि. सा. न. वि. वि.

आपल्या छातीतला कफ कमी झाल्याचे अंजनाच्या पत्रावरून कळले. जीव भांड्यात पडला. तरी त्या दुखण्यात आपण आईला जे सांगितले, की माझ्यामागे दिवस घालू नका, ते मनातून जात नाही. पुढे घोटाळा नको म्हणून मी आताच चौकशी करून ठेवली आहे. रागावू नये.

मी ज्या वखारीत लिहायला आहे, तिथले निम्मे गिऱ्हाईक माहुलीच्या स्मशानघाटावर जाणारे. चुलीच्या सरपणासाठी तासभर हुज्जत घालणारा माणूस बाप गेला की ओले लाकूडही मुकाट्याने उचलतो. मालक त्याच्यासमोर एका हाताने डोळे पुसतात आणि दुसरा हात तराजूच्या पारड्यावर ठेवतात. मागच्या आठवड्यात एका पेन्शनर सुभेदारांच्या मातीला मुलाने बँड आणला. बँडवाल्यांना लग्नाचीच गाणी येत होती. सुभेदारांना अगदी नवरदेवासारखे नेले.

आपल्या माळावर लाकूड नाही. इथून न्यायचे तर भाड्यातच कंबर मोडेल. त्यापेक्षा घरटी थोड्या शेण्या, म्हणजे गोवऱ्या, मागाव्यात. कोल्हापूरकडे तसे करतात, असे वखारीतल्या हमालाने सांगितले. राख नदीवर न नेता आपल्याच रानात पसरावी. हे आपणास चालेल का, ते कळवावे. प्रकृतीस जपावे, म्हणजे यातले काहीच लागणार नाही.

आईस दंडवत. माया आहे तशीच राहू द्यावी.

आपला आज्ञाधारक,
सोपान


॥ श्री ॥
माळवाडी, जि. सांगली, ता. १७ फेब्रुवारी १९६४

चि. सोपान यास आप्पांचे अनेक आशीर्वाद. लिहिणार अंजना. आप्पा सांगतात तसेच लिहिते.

तुजं पत्र दोनदा वाचून घेतलं. लय हसलो. शेण्या चालत्याल. कमी पडल्या तर मेंढरांच्या लेंड्या घाला. जन्म त्यातच गेलाय, वास काय अनोळखी न्हाई.

पर खरी गोष्ट जेवणाची हाय. आमचा बा गेला तवा तुज्या चुलत्यानं, नानासोनं, समद्या भावकीला जेवाण घातलं आन त्यापायी मेंढरांची आख्खी खांड विकली. नानासोचं नाव झालं. मी सडकंवर खडी फोडली. आता दारात हायत ती मेंढरं तुज्या आयची. माज्यामागं तिला तेवढंच हाय. जेवणापायी एक जरी मेंढरू विकलंस तर भूत हुन वखारीत यीन. नानासोला फलटणला आताच कळव. मी जिता हाय तवर त्याला माज्यासंगं भांडता यील.

दादा, हे पुढचं माझं. आई विचारते, या बापलेकांना दुसरा विषय नाही का? चैत्रात मुलीकडची माणसं तुला बघायला येणार आहेत, त्यांच्यापुढे शेण्यांचं काढू नकोस.

लोभ कमी करू नये.

अंजना


॥ श्री ॥
माळवाडी, ता. ६ मार्च १९६४

ती. दादास अंजनाचा सा. न. वि. वि.

नानांना तू काय लिहिलं होतंस? काल आप्पा दारात मेंढरू कातरत बसले होते. ट्रक येऊन थांबला. त्यातून नाना उतरले, डोकं आणि मिशी सफाचट. मागून अंबूकाकी आणि फलटणला उसाच्या कामावर असलेली सगळी भावकी. काकीने वेशीपासूनच गळा काढला होता. कोण गेलं ते आप्पांना कळेना. कातर ठेवून तेही शेजारी जाऊन बसले आणि हळूच विचारलं, कोण गेलं म्हणून. काकी पदरातून म्हणाली, ‘तुमीच की वं.’

मग नाना आप्पांच्या गळ्यात पडून रडले आणि रडून झाल्यावर चिडले. म्हणाले, कार्डाचा कोपरा फाडलेला आणि वर लिहिलेलं, विषय : आप्पांचा अंत्यविधी. असलं कार्ड पुढे कोण वाचतं? मयताचं कार्ड घरात ठेवायचं नसतं म्हणून तिथंच त्याचे तुकडे केले आणि न्हावी गाठला. आता मिशी कोण देणार, तू?

आलेल्या माणसांना उपाशी कसं लावायचं? आईने हुलग्याचं माडगं शिजवलं, शेजारून भाकरी गोळा केल्या. पंगतीला आप्पांनी स्वतः वाढलं. सगळ्यांनी भाकरी मोडल्यावर बिरोबाचा भंडारा ताटात घेऊन ते पुढे उभे राहिले. म्हणाले, ‘ह्ये माजं तेरावं. पोटभर जेवा. मी खरा मेल्यावर कुणी जेवाण मागायचं न्हाई. मान्य आसंल त्यानं भंडारा उचला.’ हातातला घास टाकून कोणाला उठता येईना. एकेकाने भंडारा उचलून शपथ घेतली.

नानांनी मात्र घेतली नाही. थोरल्या भावाचं तेरावं माडग्यावर उरकलं, असं फलटणला कोणत्या तोंडानं सांगू, म्हणाले. दोनदा वाढून घेतलं, पण भंडाऱ्याला शिवले नाहीत. रात्री आईने दोनदा मेंढरं मोजली. नाना अडून बसले तर मेंढरं जाणार, हे तिला कळतं.

तूच काहीतरी कर. आणि आता विषय लिहू नकोस.

तुझी लाडकी,
अंजना


॥ श्री ॥
सातारा, ता. ११ मार्च १९६४

ती. नानांच्या चरणी सोपानचा शि. सा. न. वि. वि.

झाल्या प्रकाराबद्दल पदर पसरून क्षमा मागतो. मर्तिकाचा मजकूर असलेल्या पत्राचा कोपरा फाडावा, अशी रीत ऐकली होती. त्यासाठी माणूस मेलेला असावा लागतो, हे कोणी सांगितले नव्हते. वर विषय घालायची सवय वखारीतली. या पत्राचे चारही कोपरे दोनदा तपासले आहेत.

आपण भंडारा उचलला नाही, त्याने आईचा धीर खचला आहे. आजोबांच्या वेळी खांड गेल्यावर आप्पांनी सडकेवर खडी फोडली, हे आपणास माहीत असेलच. आईचे आता खडी फोडायचे वय नाही. एवढा शब्द द्यावा.

काकीस दंडवत. लेकराची चूक पोटात घालावी.

आपला,
सोपान


श्री बिरोबा प्रसन्न
फलटन, ता. २० मार्च १९६४

चि. सोपानास नानासोचा आशीर्वाद.

मिशी उगवतीया. कारखान्यावर जो तो इचारतो, कोन गेलं? थोरला भाऊ म्हनलं की पुसत्यात, मग तो जेवायला कसा वाढीत हुता? तुज्यापायी मी खोटा पडलो.

आप्पानं खडी फोडली ह्ये मला ठावं न्हवतं. मी कारखान्यावर आल्तो. आप्पानं कळवल्यालं, सडकंवर मुकादम हाय म्हनून. मी हितं समद्यास्नी त्येच सांगत आलोय.

पर शबुद मागू नगंस. भावकीत राहायचं म्हनलं तर चार मानसाचं आयकावं लागतं. बगू फुडचं फुडं.

काकी आशीर्वाद सांगतीया. चुलत्याला इसरू नगं.

नानासो


श्री बिरोबा प्रसन्न
माळवाडी, ता. ५ डिसेंबर १९६४

चि. सोपानास नानासोचा आशीर्वाद.

आप्पाच्या सांगन्यापरमानं तिसऱ्याला राख रानात पसरून तू कामावर गेलास. मी मागं राहिलो. शेण्या पुरून उरल्या. त्या तुज्या आयनं ज्याच्या त्याला माघारी दिल्या. एकानं घ्यायला कां कूं केलं. म्हनलं गड्या घे, तुजा नंबर लागंल तवा लागत्याल.

आज तेराव्याला सरपंच लालासाहेब मंडळी घिऊन आला. भंडारा उचलल्याली मानसं खाली बगीत हुती, पर लालासाहेब त्या पंगतीला न्हवता. म्हनला, नानासो, शपत बाकीच्यांनी घेतली, तुमी कुटं घेतलीया? थोरल्या भावाचं जेवाण घालायला तुमी मोकळं. मेंढरांचा येपारी त्यानं संगंच आनला हुता. त्यो एकेका मेंढराच्या पाठीवर हात फिरवून मांस चाचपत हुता. तुजी आय दारात उबी. माज्याकडं बगत हुती.

मला आप्पाची खडीची सडक दिसली, दुसरं काय न्हाई. म्हनलो, ‘लालासाहेब, जेवाण झालंय. माज्या भावानं सोता वाढलंय आन मी दोनदा मागून घेतलंय. त्या येपाऱ्याला हात काडाय सांगा.’

येपाऱ्यानं हात काडला. तुज्या आयनं समद्यास्नी च्या दिला. लालासाहेब बशी फुंकत बसला, मग उठला. मानसं पांगली तशी तुजी आय म्हनली, मेंढरं सोडाय उशीर झाला, आन काठी घिऊन निगाली. मीबी संगं गेलो. लय लांब चालवती रं म्हातारी.

उद्या फलटनला जातो. बाप गेला म्हनून चुलत्याला परका करू नगं. येत जा.

तुजा,
नानासो