मापं सांगू नका, जुना पार्ट आणा

३ मे, शनिवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. पुढे कोणी विचारलं की एल्वुड पॉटल, हे सगळं तू एकट्याने कसं केलंस, तर पुरावा हवा. कोणी विचारणार नाही म्हणा. या गावात सगळे जळके.

काल ट्रेलर घरी आणला. नॉर्थ लार्क कंपनी, १९८४ सालचा, सतरा फुटी. आत दोन पलंग, शेगडी, बेसिन. गाडीमागे अडकवायचा की निघालं घर. विकणारा म्हातारा म्हणाला, आत्ता जोडा आणि आत्ता निघा, फक्त छतावरच्या झडपेचं झाकण तडकलंय. मला हसू आलं. पेपर मिलमध्ये एकतीस वर्षं मेंटेनन्स केलेल्या माणसाला हा झाकण दाखवतोय.

ध्येय: २८ जूनला ग्लेनिसची थोरली बहीण एव्हिस ऐंशी वर्षांची होते. राहते कॅनडात, केप ब्रेटनला. ग्लेनिसची आई लवकर गेली, एव्हिसनेच तिला वाढवलं. अकरा वर्षं भेट नाही. आता एव्हिसची नजर चाललीय; हिवाळ्यापर्यंत काही दिसणार नाही म्हणे. काल ग्लेनिस म्हणाली, "तिला मी दिसतेय तोवर मला तिच्यासमोर जाऊन उभं राहायचंय." मी म्हणालो, राहशील, आणि वाटेत स्वतःच्या पलंगावर झोपत जाशील. जानेवारीत तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दर दोन तासांनी आडवं व्हावं लागतं. म्हणून ट्रेलर. कल्पना माझी.

२५ जून, बुधवार, सकाळी सहाला प्रस्थान. हाताशी साडेसात आठवडे. मला दोन पुरे.

३ मे, दुपारी
डेलमंट आला. बायकोचा भाऊ. न बोलावता येणं हा त्याचा एकमेव व्यवसाय. ट्रेलरभोवती फिरला, कलिंगड घेतल्यासारखं बोटाने वाजवून बघितलं. म्हणाला, "चांगला आहे रे. काही करू नकोस. झाकण बदल, टायर बघ, बास." याच्या घरामागच्या शेतात असाच एक नॉर्थ लार्क पंधरा वर्षं पडून आहे. दार नाही, खिडकी नाही, आत कोंबड्या राहतात. कोंबड्यांच्या घरमालकाचा सल्ला. इथे लिहून ठेवला, म्हणजे पाळायचा नाही हे लक्षात राहील.

६ मे, मंगळवार
झाकण बदललं. अकरा मिनिटं.

आता खरं काम. बदलायच्या वस्तू: खिडकी (अडकते; शिवाय काचेवर कुणाच्या तरी नातवंडाने बदकाचं स्टिकर लावलंय, खरवडून निघत नाही). पाण्याचा पंप (घरघरतो). दार (खांद्याने ढकलावं लागतं).

पद्धत: आधी जुनं काढून टाकायचं, मग नवं शोधायचं. जुनं समोर असलं की माणूस म्हणतो, चालेल की अजून. परतीचे दोर कापले की माणूस लढतो. ग्लेनिसने विचारलं, "चालतंय ते कशाला काढतोस?" मी पाऊण तास समजावून सांगितलं. ती आत निघून गेली. पटलं.

१० मे, शनिवार
गावच्या कचरा डेपोवर. शनिवारी सकाळी अख्खं गाव तिथे. कचरा टाकायला अर्धा तास, गप्पा मारायला अडीच. बाजूला देवघेवीची शेड आहे: तुम्हाला नको ते ठेवा, ज्याला हवं तो नेईल, नेईल त्याचं. खिडकी आणि पंप ठेवले. शेडचा रखवालदार लेलंड म्हणाला, चांगली खिडकी आहे की. मी म्हणालो, तुझ्यासाठी असेल.

डेलमंट तिथे होताच, हातात कॉफी. दर शनिवारी असतो. दुसऱ्यांनी टाकलेल्यात तोंड घालणारी जात. विचारतो कसा, "पुढच्या खेपेला काय टाकणार आहेस?" मी सांगितलं, दार. कळू दे जरा प्रगती कशी असते.

१२ मे, सोमवार
रीटा विलेटच्या भंगार-यार्डात. जाऊन-येऊन ऐंशी मैल. काउंटरवर पाटी: मापं सांगू नका, जुना पार्ट आणा. रीटा सत्तरीची, विणत बसलेली. मी खिडकीची मापं सांगितली. बाईने मान वर केली नाही. म्हणाली, जुनी आण. मी म्हणालो, टाकली. तेव्हा मान वर केली. म्हणाली, "मिलमध्ये होतास ना तू? ती बंद का पडली ते आत्ता कळलं."

वर आणखी शहाणपण. म्हणे नॉर्थ लार्कवाले जो माल स्वस्तात मिळेल तो बसवायचे, त्यामुळे ट्रेलर एकाच साच्याचे असले तरी नेमकं काय बसलंय ते जुना पार्ट पाहिल्याशिवाय देव सांगू शकत नाही. म्हणे तुझ्या मेहुण्याकडेही तसलाच आहे, तो जाऊन बघ. मी म्हणालो, मी खुराड्याची मापं घेत नाही. नाचता येईना अंगण वाकडं. माल ठेवायचा नाही आणि गिऱ्हाइकाकडे जुना पार्ट मागायचा. या बाईशी पुन्हा संबंध नाही.

१९ मे, सोमवार
इंटरनेटवरून खिडकी आली, इंडियानाहून. सुंदर. भोकात बसत नाही. मी चौकटीसकट माप घेतलं होतं, त्यांना नुसत्या भोकाचं हवं होतं. तसं स्पष्ट लिहिलं होतं, पण बारीक अक्षरात. मोठ्या अक्षरात काय लिहिलं होतं? "अभिनंदन."

उपाय सोपा. खिडकी मोठी असेल तर भोक लहान आहे. भोक मोठं करणं माणसाच्या हातात आहे.

२० मे, मंगळवार. संध्याकाळी
भोक मोठं केलं. करवत जरा वळली. आता खिडकी आरपार आत पडते.

कंपनीला फोन. बाई गोड बोलत होती, म्हणजे नालायक. म्हणाली, मूळ खोक्यात घालून परत पाठवा. खोका मी तत्त्वाने त्याच दिवशी टाकला होता.

भोकातून चावऱ्या काळ्या माश्या आत. कानामागे सात गांध्या. ग्लेनिस म्हणाली, "आपण साध्या गाडीने जाऊ या. मधे दोनदा मोटेलमध्ये थांबू." मी नाही म्हणालो. मोटेलच्या गाद्यांवर कोण कोण लोळलेलं असतं. शिवाय ट्रेलर दारात उभा असताना मोटेल म्हणजे डेलमंटला वर्षभर पुरेल एवढं खाद्य.

२४ मे, शनिवार
दार काढलं. डेपोवर डेलमंट स्वतःहून धावत आला, दार उतरवायला हात लावला. वर म्हणाला, शेडपर्यंत कशाला नेतोस, माझ्या पिकअपमध्येच ठेव. पंधरा वर्षांत पहिल्यांदा हा माणूस कामाला आला. माझी पाठ वाचली.

३१ मे, शनिवार
चर्चमध्ये बीन्सचं जेवण. ग्लेनिसला तिघींनी विचारलं, कधी निघणार. ती म्हणाली, बुधवारी पंचवीसला, एव्हिसला सांगून ठेवलंय. एव्हिस रोज कॅलेंडरवर फुली मारते म्हणे, जाड काळ्या मार्करने, नाहीतर दिसत नाही. मी लेलंडच्या बायकोला माझी पद्धत समजावत होतो. ती दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली. या गावात ज्ञान नको असतं कुणाला.

४ जून, बुधवार
पुन्हा रीटाकडे. संबंध ठेवायला नाही, दार बघायला. म्हणाली, जुनं आण. मी म्हणालो, टाकलं. विणायचं थांबवून म्हणाली, "तू तुझं डोकं कुठे टाकलंस ते सांग, तिथून सुरुवात करू." दारं रांगेने उभी होती, मागूनही विकेना. म्हणे चुकीचं दार विकून तुझ्या बायकोला रस्त्यावर पाडायची नाही मला. गिऱ्हाईक पैसे घेऊन उभं आणि दुकानदार नको म्हणतो.

न्यू हॅम्पशायरमधला एक सभ्य माणूस प्रश्न न विचारता विकायला तयार झाला. असे लोक हवेत.

९ जून, सोमवार
दार बसलं! थोडं तासून. फक्त बिजागऱ्या मागच्या बाजूला आल्यात, जुन्याच्या पुढच्या बाजूला होत्या. काय फरक पडतो. दार ते दार.

११ जून, बुधवार
फरक पडतो. बिजागऱ्या पुढे असल्या की धावताना वारा दाराला दाबून बंद ठेवतो. मागे असल्या की वारा आत बोट घालतो आणि उघडतो. हे कुठल्याही शहाण्याने आधी सांगायला हवं होतं.

चाचणी म्हणून तळ्याच्या रस्त्याने निघालो, ग्लेनिस शेजारी. ताशी चाळीस मैलांच्या वेगाला दार उघडून उलटं आपटलं. ड्रॉवर बाहेर आला. अर्धा मैल काटे-चमचे. मी गाडी थांबवून दाराशी झटापट करत होतो, मागे बघतो तर ग्लेनिस त्या गुडघ्याने वाकून रस्त्यावरचे चमचे उचलतेय. मी ओरडलो, राहू दे. ती म्हणाली, "हे आईचे आहेत." घरी येईपर्यंत चमचे मांडीवर घेऊन बसली.

दाराला कडी लावली. बाहेरून. आता उघडणार नाही. आत माणूस असेल तर त्यालाही.

१४ जून, शनिवार
नवा पंप. एकदम शांत. आवाजच नाही, कारण तो घरच्या विजेवर चालतो, बॅटरीवर नाही. उपाय: लांब वायर. ग्लेनिसने विचारलं, "किती लांब? केप ब्रेटनपर्यंत?" तिला हल्ली टोमणे सुचतात. भावाकडून शिकते. रोज दुपारी त्याच्याकडे जाते. कोंबड्यांना मदत करते म्हणे. कोंबड्यांना कसली मदत लागते?

१८ जून, बुधवार
डेलमंटच्या कोंबड्या रस्त्यावर मोकाट. एक तर आमच्या पायरीवर. त्याच्या शेतातून दिवसभर ठोकाठोक. बहुतेक नवं खुराडं बांधतोय. आयुष्यात माणसाने एवढंच करावं.

ग्लेनिसच्या हाताला पांढरा रंग. विचारलं नाही. मला माझे व्याप आहेत.

२१ जून, शनिवार
डेपोवर गेलो नाही. टाकण्यासारखं काही उरलं नाही. भोकावर प्लायवूड, त्यावर टेप, त्यावर ताडपत्री. पाऊस आला. टेप निघाला.

२४ जून, मंगळवार. रात्री ९
ग्लेनिस निळ्या ड्रेसला इस्त्री करतेय. भडक निळा, एव्हिसला लांबून दिसावा म्हणून घेतला. विचारलं, "नक्की निघतोय ना?" मी म्हणालो, सहाला नाही तर नऊला. नऊला नाही तर गुरुवारी. तिने इस्त्री उभी केली. म्हणाली, "एल्वुड, ती बुधवारवर फुली मारून बसलीय." एवढंच. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

२५ जून, बुधवार. सकाळी ६.४०
पावणेसहाला डेलमंट आला. पिकअपमागे नॉर्थ लार्क. पांढरा रंग, खाली निळा पट्टा. खिडकीवर बदक.

मी म्हणालो, ती माझी खिडकी आहे. म्हणाला, "शेडचा नियम." मी म्हणालो, ते माझं दार आहे. म्हणाला, "तूच तर ठेवलंस माझ्या गाडीत." ग्लेनिसने आत जाऊन नळ सोडला. घरघर ऐकू आली. ती मी कुठेही ओळखेन. खिडकी लोण्यातून गेल्यासारखी सरकली. दार त्याने खांदा न लावता उघडलं. वर म्हणतो, कडेला जरासा मेणाचा हात फिरवला, बास. उंटावरचा शहाणा.

मग म्हणाला, "चल की. तिसरा पलंग काढलाय. अगदीच कोंबड्यांचा वास येत नाही." मी म्हणालो, माझ्याकडे माझा ट्रेलर आहे.

ग्लेनिस निळ्या ड्रेसमध्ये दारात उभी, माझ्या दारात. म्हणाली, "येतोस का? एव्हिस तुलाही विचारत असते." गुरुवारी गाठतो तुम्हाला, असं मी म्हणालो. ती पायरीवरून उतरली, माझी कॉलर सरळ केली, म्हणाली, फ्रिजमध्ये मॅकरोनी-खिमा आहे, दोन दिवस पुरेल. मग गेले.

सहा वाजता. अगदी वेळेवर, माझ्या योजनेप्रमाणे.

२६ जून, गुरुवार
निघालो नाही. टेप वाळायचाय.

२८ जून, शनिवार. दुपारी
ग्लेनिसचा फोन. पोचल्या पोचल्या एव्हिस अंगणातच उभी होती. लांबून म्हणाली, "निळा घातलास होय." तिला दिसलं. दोघी रडल्या म्हणे. मागे पियानो आणि डेलमंटचं हसणं. एव्हिसने विचारलं, एल्वुड कुठाय. ग्लेनिसने सांगितलं, येतोय. मी म्हणालो, हो, येतोय. मॅकरोनी संपली का, एवढं तिने विचारलं. संपली होती.

लगेच दुसरा फोन. रीटा विलेट. एका नॉर्थ लार्कचा अख्खा सांगाडा आलाय तिच्याकडे. खिडकी, दार, पंप, सगळं आहे. तू लोकांना छळतोस पण तुझी बायको मला दोनदा फोन करून रडली, म्हणून बाजूला ठेवलंय, म्हणाली. "फक्त जुनं घेऊन ये, जुळवून देते."

मी म्हणालो, जुनं कॅनडात आहे.

म्हणाली, परत कधी येणार?

मी म्हणालो, ते मी विचारलंच नाही.