अठ्ठ्याण्णव गुण रद्द करून एकेचाळीस धरण्याबाबत

प्रति,
मा. डॉ. बारिगये,
विभागप्रमुख, वित्त व बँकिंग विभाग,
नाबुगाबो विद्यापीठ, मसाका.

अर्जदार : युनिया नाबुकालू, बी.कॉम. (वित्त), दुसरे वर्ष, संध्याकाळची तुकडी; निवृत्त मुख्याध्यापिका, कासोझी प्राथमिक शाळा.

विषय : नालुबाले बँकेतील प्रशिक्षणाबद्दल मला दिलेले ९८ गुण रद्द करून त्याजागी ४१ गुण धरण्याबाबत.

संदर्भ : आपले दि. २३ ऑगस्टचे पत्र, “प्रशिक्षणात विभागात पहिल्या आल्याबद्दल अभिनंदन”.

महोदय,

विषय वाचून, टाइप करताना आकड्यांची अदलाबदल झाली असावी असे आपल्याला वाटेल. तसे झालेले नाही. उत्तीर्ण होण्यास पन्नास गुण लागतात हे मला माहीत आहे. मला नापास करावे, अशीच ही विनंती आहे. कारणे थोडक्यात मांडते. थोडक्यात जमले नाही तर माझ्या वयाकडे पाहून चालवून घ्यावे.

१. मी एकोणसत्तर वर्षांची आहे. १९७२ साली, शाळा संपल्यावर, मला मसाक्याच्या एका बँकेत शिकाऊ कारकून म्हणून घेतल्याचे पत्र आले होते. त्या काळी बँकेतल्या मुली पांढरा ब्लाउज घालत आणि दुपारी बाराला रस्त्यापलीकडच्या हॉटेलात दुधाचा चहा प्यायला जात. मी आणि माझी थोरली बहीण बाजारातून केळी आणताना त्यांच्याकडे बघत उभ्या राहायचो. बहीण म्हणायची, “चहा तर आपणही पितो.” पण तो चहा वेगळा होता, हे तिलाही कळत होते. मी रुजू व्हायच्या आतच ते वर्ष देशाला जसे गेले तसे गेले. आशियाई लोकांनी देश सोडावा असा सरकारी हुकूम निघाला, पत्रावर सही करणारे साहेब त्यांपैकीच; ते एक पेटी घेऊन विमानतळाकडे निघून गेले आणि बँकेच्या दाराला कुलूप लागले. मी अध्यापक विद्यालयात गेले. पुढची सर्व वर्षे मी मुलांना पाढे, भागाकार आणि व्याज शिकवले. तक्रार नाही. मुले चांगली होती. पण निवृत्तीच्या दिवशी सगळे भाषणे करत असताना माझ्या डोक्यात तो पांढरा ब्लाउजच होता, हे आज लिहून टाकते.

२. म्हणून मी आपल्याकडे प्रवेश घेतला. वर्गातली मुले मला जाज्जा म्हणतात, म्हणजे आजी, आणि जिन्यावर माझी पुस्तके वाहून न्यायला हिसकावून घेतात. त्याबद्दलही तक्रार नाही. विभागाच्या करिअर मार्गदर्शन अर्जात “वीस वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?” असा प्रश्न होता. शेजारच्या मुलाने लिहिले, “मोठ्या बँकेचा संचालक.” मी लिहिले, “आमच्या केळीच्या बागेत, नवऱ्याच्या शेजारी, जमिनीखाली.” त्यावर मार्गदर्शकांनी लाल शाईने “महत्त्वाकांक्षा वाढवावी” असा शेरा मारला आहे. प्रयत्न करीन.

तूर्तास महत्त्वाकांक्षा एकच आहे. आमच्या निवृत्त शिक्षकांच्या पतसंस्थेत कर्जप्रस्ताव तपासणाऱ्या अधिकाऱ्याची जागा रिकामी आहे. नियमाप्रमाणे वित्त विषयाची पदवी हवी. वयाची अट घालायला ते विसरले. पदवी मिळताच त्यांच्या लक्षात येण्याआधी मला तिथे रुजू व्हायचे आहे.

३. प्रशिक्षणासाठी मला बँकेच्या मसाका शाखेत पाठवले. आपण देशाच्या पश्चिम भागातले, माझ्या वर्गात कधी बसला नाहीत. त्यामुळे इथली अडचण आपल्या ध्यानात आली नसावी. त्या शाखेतले निम्म्याहून अधिक लोक कासोझी शाळेचे आहेत. शाखा व्यवस्थापक श्री. पोन्सियानो सेकिटोलेको यांना मी पहिली ते पाचवी शिकवले. पहिल्या दिवशी त्यांनी मला स्वतःची खुर्ची दिली आणि ते उभे राहिले. मी काम मागितले. ते म्हणाले, “बाई, तुम्ही बसा. तेच काम.” मग दूध घातलेला चहा आणि भाजलेले शेंगदाणे आले. चार दिवस मी हेच काम केले.

पाचव्या दिवशी मी हट्टाने काउंटरच्या बाजूला गेले. मला बघताच रोखपालाच्या जागेवरच्या चारही मुली, आमच्याकडे थोरांना करतात तसा नमस्कार करायला, गुडघ्यावर बसल्या. आपल्या रीतीत त्यात काही चूक नाही. परंतु काचेच्या बाहेरून पाहणाऱ्याच्या दृष्टीने क्षणापूर्वी दिसणारी चारही माणसे एकदम नाहीशी झाली. रांगेतला एक मोटारसायकलवाला “दरोडा” म्हणून ओरडला आणि सर्व ग्राहक फरशीवर पालथे पडले. पहारेकरी लुकवागो दारात नव्हता, कारण तो बंदूक भिंतीला टेकवून माझी पिशवी वर पोचवायला गेला होता. चौकशीला आलेल्या पोलीस निरीक्षकांनी प्रथम टोपी काढली आणि विचारले, “बाई, ओळखलंत का?” ओळखले. त्यांच्या अक्षरात अजून सुधारणा नाही, हे मी त्यांना सांगितले. त्यामुळे त्या दिवशीचा पंचनामा दुसऱ्याने लिहिला.

४. त्या शुक्रवारी व्यवस्थापकांनी माझ्या घरी एक जिवंत कोंबडी पाठवली. आपल्याकडच्या ‘आर्थिक व्यवहारातील नीतिमत्ता’ या विषयात मी शिकले आहे की, ज्याच्याकडून गुण मिळायचे आहेत त्याच्याकडून भेट घेऊ नये. कोंबडी परत करावी तर त्यांच्या आईचा अपमान होतो, कारण ती त्यांच्या घरची आहे. ठेवावी तर हितसंबंध येतो. सध्या कोंबडी माझ्याकडेच आहे आणि अंडी देते. अंड्यांबाबत विभागाचा काही नियम असल्यास कळवावा. तोपर्यंत ती मी शेजारी देते.

५. यानंतर मला वरच्या मजल्यावर, बंद दाराआड, कर्जविभागात बसवण्यात आले. तेथे माझ्या पर्यवेक्षक कु. हेलन आयिकोरू होत्या. सव्वीस वर्षांच्या, उत्तरेतल्या अरुआकडच्या, नुकत्या नोकरीला लागलेल्या आणि अद्याप कायम न झालेल्या. त्यांना मी कोण हे माहीत नव्हते. मी दारात पोचताच त्यांनी घड्याळाकडे बघितले.

“साडेआठ म्हणजे साडेआठ.”

मी म्हणाले, “गुडघ्यांमुळे जिना चढायला वेळ लागतो.”

“मग जिन्यापाशी सव्वाआठला या.”

दुसऱ्या दिवशी मी सव्वाआठला जिन्यापाशी होते. त्या मला “नाबुकालू” अशी हाक मारत. बाई नाही, जाज्जा नाही. बहीण गेल्यापासून मला कोणी नुसत्या नावाने हाक मारली नव्हती. पहिल्यांदा ऐकले तेव्हा दुसऱ्याच कोणाला तरी बोलावताहेत असे वाटून मी मागे वळून बघितले.

६. आता मूळ मुद्दा. त्यांनी मला एक कर्जप्रस्ताव तपासायला दिला. अर्जदार श्री. लुबेगा यांना मक्याची गिरणी घालायची होती. ते माझे विद्यार्थी. मी पानभर अहवाल लिहिला. त्यात असे वाक्य होते : “स्वभाव सरळ. तिसरीत असताना सापडलेली पेन्सिल स्वतःहून आणून दिली होती. कर्ज द्यावे.”

आयिकोरूंनी तो वाचून माझ्यापुढे ठेवला. “नाबुकालू, ही कर्जाची तपासणी आहे की स्थळाची चौकशी?”

मी म्हणाले, “मुलगा प्रामाणिक आहे. मी त्याला लहानपणापासून बघते आहे.”

“लहान सगळेच होते. गेल्या सहा महिन्यांची कमाई कुठे आहे?”

ती कमाई मी विचारलीच नव्हती. त्याच्या आईच्या गुडघ्याबद्दल विचारले होते. दुसऱ्या दिवशी जाऊन विचारली, तर सांगण्यासारखी काही नव्हती. वर दोन पतसंस्थांची देणी निघाली. त्याने पेन्सिल परत केली होती, हे आजही खरे आहे. पण गिरणीशी त्याचा संबंध नव्हता, आणि हे मला कळायला एका मुलीने तोंडावर सांगावे लागले. यानंतर मी आणखी सात प्रस्ताव तपासले. त्यांपैकी पाच माझ्या ओळखीच्यांचे होते आणि ते पाचही मी चुकवले. अनोळखी दोन बरोबर आले.

महोदय, मसाक्यात मला अनोळखी माणसे फार थोडी उरली आहेत. आमच्या पतसंस्थेत कर्ज मागायला येणारा प्रत्येक जण माझ्या ओळखीचा असेल, आणि तिथले पैसे निवृत्त शिक्षकांचे आहेत. त्या लोकांना मी ओळखते. त्यांच्याजवळ दुसरे काही नाही. अठ्ठ्याण्णव गुणांचा कागद घेऊन मी त्या खुर्चीत बसले, तर वर्षभरात पतसंस्थेची तिजोरी रिकामी होईल आणि गावभर सरळ स्वभावाची माणसे गिरण्या घालून बसतील.

७. प्रशिक्षण संपले त्या दिवशी आयिकोरूंनी मूल्यमापनाचा कागद भरून ४१ गुण दिले. तो सहीसाठी व्यवस्थापकांकडे गेला. त्यांनी तो फाडला, नवा भरला आणि ९८ दिले. शंभर दिले तर विद्यापीठाला शंका येईल म्हणून दोन कापले. कशाबद्दल कापले असे मी विचारले, तर म्हणाले, “बाई, कुठेतरी कापायला हवेत.” फाडलेले तुकडे मी त्यांच्या टोपलीतून उचलून घेतले. त्यांनी अडवले नाही. मला अडवण्याची त्यांना सवय नाही.

तेव्हा आमचे जे बोलणे झाले ते असे :

“पोन्सियानो, तो कागद बरोबर होता.”

“बाई, ती पोर उत्तरेकडची. तिला आपली रीत माहीत नाही.”

“तिला बँकेची रीत माहीत आहे.”

“तुम्हाला एकेचाळीस? मी आईला कोणत्या तोंडानं सांगू?”

“सांग, बाई नापास झाल्या.”

“तुम्ही मला कधी असं वागवलं नव्हतंत.”

“चौथीत दोनदा नापास केलं होतं.”

“तेच तर सांगतोय,” ते म्हणाले. “किती वाईट वाटलं होतं मला.”

हे बोलताना बावन्न वर्षांच्या, टाय लावलेल्या माणसाचे डोळे भरून आले. त्यांचा हेतू वाईट नाही. कृपया त्यांच्यावर कारवाई करू नये. त्यांना फक्त वाईट वाटू द्यावे.

८. परंतु आयिकोरूंच्या फाइलमध्ये व्यवस्थापकांनी “ज्येष्ठांशी उद्धट वर्तन” असा शेरा लिहिला असून, या महिनाअखेरीस त्यांना नोकरीत कायम करायचे की नाही हे ठरणार आहे. ही बातमी मला पहारेकरी लुकवागोने सांगितली. मी आयिकोरूंकडे गेले आणि म्हणाले की, मी साहेबांना समजावते. त्या म्हणाल्या, “नाबुकालू, तुम्ही प्रशिक्षणार्थी आहात. प्रशिक्षणार्थीच्या वशिल्यानं मला कायम व्हायचं नाही. जे आहे ते तुमच्या विद्यापीठाला लिहा.” म्हणून हा अर्ज. तोही त्यांनी सांगितल्याप्रमाणेच.

९. सबब विनंती अशी की :

(अ) ९८ गुण रद्द करून ४१ गुण माझ्या नावावर धरावेत आणि मला प्रशिक्षणात अनुत्तीर्ण घोषित करावे. अभिनंदनाचे पत्र मी परत करीत आहे. ते चांगल्या कागदावर आहे; दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

(आ) विद्यापीठाने बँकेच्या मुख्य कार्यालयास या महिनाअखेरीपूर्वी लेखी कळवावे की, कु. आयिकोरू यांनी पर्यवेक्षकाचे काम विद्यापीठाला हवे होते तसेच केले, आणि ज्या ज्येष्ठ व्यक्तीशी त्या उद्धट वागल्या असे म्हटले आहे, तिची काहीही तक्रार नाही.

(इ) येत्या डिसेंबरच्या सुट्टीत मला पुन्हा त्याच विभागात, त्यांच्याच हाताखाली पाठवावे. जिन्याची माझी तयारी आहे.

१०. आपल्या कार्यालयातील श्री. कागवा हे माझे विद्यार्थी असल्याने हा अर्ज त्यांच्या हाती न देता पोस्टाने पाठवते. हातात दिला तर ते तो हरवतील, आणि प्रेमाने हरवतील.

११. शेवटी एक. निवृत्त होताना माझ्याबद्दल पुष्कळ बोलले गेले. मी मायाळू, मी कष्टाळू, मी दिव्यासारखी. ती भाषणे कोणत्याही निवृत्त मुख्याध्यापिकेला चालली असती, आणि त्यातली काही मी स्वतः इतरांच्या निरोपसमारंभात केलेली आहेत. आयिकोरूंच्या फाटलेल्या कागदावर गुणांखाली हा शेरा आहे : “माणसं ओळखते, म्हणून आकडे विचारत नाही. चूक दाखवली की कुरकुर न करता पुन्हा करते. सुधारेल. पुन्हा पाठवावे.”

हे दुसऱ्या कोणाबद्दल लिहिता आले नसते. “सुधारेल” हा शब्द माझ्याबद्दल अध्यापक विद्यालय सोडल्यापासून कोणी वापरलेला नाही. तो मला गमवायचा नाही, आणि ज्या मुलीने तो लिहिला तिची नोकरीही त्यापायी जायला नको. निर्णय लवकर व्हावा. माझ्या वयाच्या विद्यार्थिनीला “यथावकाश कळवण्यात येईल” असे उत्तर पाठवू नये, ही नम्र विनंती.

आपली विद्यार्थिनी,
(सही)
युनिया नाबुकालू
मसाका, दि. ४ सप्टेंबर

सोबत :
१. मूल्यमापनाचा कागद, ९८ गुणांचा (प्रत).
२. मूल्यमापनाचा कागद, ४१ गुणांचा (मूळ, चार तुकडे चिकटपट्टीने जोडलेले).
३. श्री. लुबेगा यांच्या कर्जप्रस्तावावरचे माझे दोन्ही अहवाल. पहिला कृपया वर्गात वाचून दाखवू नये. दाखवलाच तर मी हजर असताना दाखवावा.