भोंगा झाला नाही

३० एप्रिल ७९, सोम.
नंदूची शाळा संपली. अठरा पूर्ण, नियमात बसत नाही. बाईंनी पेढा दिला, पाठीवरून हात फिरवला. "गुणी आहे हो तुमचा मुलगा. घंटा होईपर्यंत हातातलं काम सोडत नाही." मग ठेवून घ्या ना! ओठांवर आलं होतं, गिळलं. मतिमंदांच्या शाळेला वरचा वर्ग नसतो.

५ मे, शनि.
रोज सकाळी दप्तर अडकवून दारात. शाळेची गाडी येत नाही. दुपारपर्यंत उभा. मग मला विचारतो, "उद्या?"

१७ मे, गुरु.
यांच्या कंपनीची सुट्टी. जेवताना म्हणाले, आळंदीला एक आश्रम आहे, अशा मुलांना ठेवून घेतात. भाकरी तव्यावर करपली माझी. सगळं माहीत असून आळंदीच बरी सापडली यांना.
दत्तादादा, माझा थोरला भाऊ, नंदूसारखाच होता. आप्पांनी, आमच्या वडिलांनी, त्याला आळंदीच्या घाटावर बसवलं, "इथंच बस, मी आलोच" म्हणाले, आणि एकटे चाकणला परत आले. आईला म्हणाले, "माउलीच्या पायावर घातला." मी चुलीशी बसले होते, दहा वर्षांची. आईनं सवयीनं त्याचंही ताट घेतलं होतं. ते तसंच पालथं घातलं.


११ जून, सोम.
बाईंच्या ओळखीनं नंदूला काम! कदमशेटची छोटी शेड, मोठ्या कंपनीच्या भिंतीला लागून. नट-वायसर मापाप्रमाणे निवडून डब्यात भरायचे. डोळे मिटूनही करील, शाळेत तेच शिकवलं. घंटा नाही तिथं, म्हणून शेजारच्या कंपनीचा भोंगा शिकवला. भोंगा झाला की उठायचं, डबा घ्यायचा, घरी यायचं. बाईंनी चार दिवस बसून पक्कं केलं.
कदमशेट म्हणाले, "वहिनी, पोरगं कामाला चोख हाय. पर लक्ष ठेवायला मला सवड न्हाई, आत्ताच सांगतो."

५ जुलै, गुरु.
गुरुवारची साप्ताहिक सुट्टी, सगळे कारखाने बंद, तरी आमचे नंदूसाहेब कपडे घालून तयार. "मी शिफ्टला चाललो." याला रविवारची सुट्टी माहीत, गुरुवारची पटत नाही. हे हसून म्हणाले, "मला घेऊन चला राव, ओव्हरटाइम मिळेल." बऱ्याच दिवसांनी घरात हसू. आश्रमाचं नाव नाही. दृष्ट न लागो.

८ ऑग., बुध.
लिहून टाकते.
काल भोंग्याची वेळ टळून गेली, नंदू नाही. वाट बघून शेडवर गेले तर शटरला कुलूप. रस्त्यावर चिटपाखरू नाही. पानवाला म्हणाला, "ताई, दुपारीच लाइट गेली, समदी घरी गेली." मग माझा मुलगा कुठे? स्टेशनपर्यंत पळत गेले, परत आले. सारखं डोळ्यांसमोर घाटच. पाणी आणि पायऱ्या.
शटरला कान लावला. आत टण्. मग टण्. पत्र्याच्या डब्यात वायसर पडत होते. हाक मारली, "नंदू!" आवाज थांबला नाही.
पानवाल्यानं सायकलवरून कदमशेटला आणलं. शटर वर केलं. आत काळोख, खोक्यांच्या मागे हा. सगळं निवडून झालेलं, म्हणून भरलेले डबे ओतून पुन्हा पहिल्यापासून निवडत होता. चड्डी ओली. ओठ सुकलेले. पाण्याचा माठ हाताच्या अंतरावर.
"उठला का नाहीस रे?"
"भोंगा झाला नाही."
लाइट गेली म्हणून भोंगाही झाला नव्हता. त्याचं काय चुकलं?

९ ऑग., गुरु.
कदमशेट घरी आले. चहा घेतला नाही. "वहिनी, नका पाठवू आता. दुसऱ्या दिशी सुट्टी आसती आन पोरगं आतच ऱ्हायलं आसतं, तर?" खोटं कसं म्हणू. हे म्हणाले, आता तरी आश्रम बघून येऊ.
मला एकच सुचतंय. दादाही सांगितलेलं सोडत नसे. "इथंच बस" म्हटल्यावर तो उठला असेल का? नदी शेजारी असून पाणी तरी प्यायला असेल का? इतकी वर्षं मी समजत होते की तो कुठंतरी गेला. तो गेलाच नसेल तर...

२१ ऑग., मंगळ.
नवी खूण शिकवतेय. खांद्यावर हात आणि "सुट्टी झाली, ऊठ." जमलं! आता घरभर तेच. बाप जेवायला बसला की खांद्यावर हात. नळावर शेजारच्या काकूंना. काकू पदर तोंडाला लावून हसल्या.
कदमशेटला दाखवलं. मान हलवत म्हणाले, "व्हय, पर रोज हात ठेवणार कोन?" नंतर म्हणाले, बघू, सोमवारी सांगतो. सोमवारच्या आत यांना आळंदी उरकायची आहे.
यांनी विचारलं, "आणि आपल्या माघारी कोण म्हणेल त्याला ऊठ?"

२३ ऑग., गुरु.
नंदूला घेऊन गेलो आळंदीला. आश्रम स्वच्छ. भिंतीला टेकून माणसं ओळीनं बसलेली. तिथले गृहस्थ अभिमानानं म्हणाले, "बसवलं की बसतात. काही त्रास नाही." हे माझ्याकडे बघेनात.
बाहेर पडल्यावर घाटावर मी होऊन गेले. लग्नानंतर पहिल्यांदा. खालच्या पायरीवर एक माणूस, केस पांढरे, गुडघे पोटाशी घेऊन. यात्रेकरू असेल, कुणीही असेल. मी वरच थबकले.
नंदू माझा हात सोडवून खाली गेला. त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला. "सुट्टी झाली, ऊठ."
तो माणूस उठला.
इकडे तिकडे बघत उभा राहिला, जायचं कुठे ते माहीत नसल्यासारखा. तोंड मला नीट दिसलं नाही. दादाचं तोंड मला आठवतही नाही आता.
नंदूनं खालून विचारलं, "आई, याला घरी कोण नेणार?"
हे म्हणाले, "चला, गाडी चुकेल." मी एक पायरी खाली उतरले.