शंकासुराचा डोळा

बोरीवली, रविवार, १६ नोव्हेंबर १९८६

आज लायब्ररीतून कोकणातल्या दशावतारी नाटकांवरचं नवं जाडजूड पुस्तक आणलं. लेखक कुणी प्राध्यापक आहेत, त्यांनी शंकासुरावर अख्खं प्रकरण लिहिलंय. वेद चोरणारा राक्षस, मग विष्णूच्या हातून मरण. 'हा वध केवळ प्रतीकात्मक आहे,' म्हणे. प्रतीकात्मक! मग मालाडच्या चाळीसमोर दर वर्षी मी भोकाड पसरायचो, ते काय होतं?

शंकासूर माझे बाबा व्हायचे ना! गिरणीतून आले की काळा झगा, पांढरी दाढी. विष्णूने मारलं की धाडकन पडायचे. आई मला जवळ ओढायची, "कित्याक रडतंस? खोटो खोटो मेलो तो." आणि पडल्या पडल्या बाबा हळूच एक डोळा उघडून माझ्याकडे बघायचे. तो डोळा काही या पुस्तकात नाही.

संध्याकाळी ते वाक्य आईला वाचून दाखवलं. "म्हंजे खोटो खोटोच ना?" तिने विचारलं. मी हो म्हटलं.

गेल्या वर्षी बाबा खरंच गेले. बाहेर तिरडी बांधत होते आणि मी वेड्यासारखा त्या एकाच डोळ्याकडे बघत बसलो होतो. मान वर केली, तर आईसुद्धा तिथेच बघत होती.