सहाव्या सिलिंडरचा जुना स्टड

मी, दौलत राघो शिगवण, वय वर्षे चौपन्न, धंदा इंजिन मेकॅनिक, मूळ राहणार वेळकोंड, तालुका मंडणगड, जिल्हा रत्नागिरी, सध्या मुक्काम अल क्वोज, दुबई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दबावाखाली न येता, सकाळचा चहा घेऊन आणि चष्मा पुसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात मुंबईला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. इंजिन उघडण्याआधी मीही गिऱ्हाइकाला हेच सांगत आलो, म्हणून लिहून ठेवतो. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. वेळकोंड येथील चिऱ्याचे घर व पुढचे अंगण माझी पत्नी सौ. रंभा हिला द्यावे. पैसे मी पाठवले, पण प्रत्येक चिरा तिने उन्हात उभे राहून बसवून घेतला. वीस वर्षांत सगळे मिळून मी गावी दीड वर्षही राहिलो नसेन. तिच्या हयातीत घर विकण्याची गोष्ट कोणी काढू नये. काढलीच तर तिने त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

कलम २. बँकेतील ठेव रंभा आणि आमची मुलगी समिधा यांना अर्धी अर्धी. आकडा पासबुकात आहे, इथे लिहीत नाही. समिधाच्या भागातून तिचे शिक्षण पुरे व्हावे. लग्नाची घाई करू नये. ती रत्नागिरीला मेकॅनिकलच्या डिप्लोमाला आहे आणि फोनवर मला टॉर्कचे हिशोब विचारते. मला निम्मे येत नाहीत, पण हे तिला अजून कळलेले नाही.

कलम ३. माझा धाकटा भाऊ विष्णू याने घरामागचा कापा फणस मला न विचारता तोडला आणि त्याची दारे केली. सहा वर्षे मी त्याच्याशी धड बोललो नाही. गेल्या मे महिन्यात ती दारे पाहिली. दारे चांगली झाली आहेत. राग सोडला. फणसाखालची जागा त्याची. मात्र तिथे त्याने नवा फणस लावावा आणि पाण्याचे काम मुलांवर न ढकलता स्वतः करावे.

कलम ४. माझी सर्व औजारे, पेटीसकट, जहूर अहमद, राहणार गुजरांवाला, सध्या अल कुसैस, यास द्यावीत. (हे वाक्य रद्द. कलम ५ पाहावे.)

याचे कारण लिहायची गरज नाही असे वकील म्हणाले. मला गरज वाटते.

जहूर आणि मी एकाच गॅरेजात सहा वर्षे होतो. पेट्या दोन, चहाचा थर्मास एक. सन १९९७ च्या ऑगस्टमध्ये चारुदत्त नेने नावाचे पुण्याचे इंजिनीअर त्यांची गाडी घेऊन आले. १९६९ ची अमेरिकन गाडी, दोन दरवाजे, लांब नाक, आठ सिलिंडर. नेनेसाहेब अल कुसैसला पत्नी प्रमिलावहिनी आणि मुलगी इरा यांच्यासह राहत. पगारदार माणूस असल्या गाडीपायी वेडा झालेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

इंजिन टकटक करत होते. वरचे कव्हर काढले तर रॉकर आर्म झिजलेले. समिधाच्या आईसाठी सांगतो : रॉकर म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्हवर बसवलेली बोटाएवढी झुलती फळी. एक टोक खालून दांडी उचलते, की दुसरे टोक व्हॉल्व्ह दाबते. अशा सोळा.

नेनेसाहेब मासिक घेऊनच आले होते. म्हणाले, "दौलतराव, एकास एक पॉइंट सहाचे रोलर रॉकर घातले तर पॉवर वाढते."

मी म्हटले, "वाढते ना साहेब. पण व्हॉल्व्ह जास्त खाली जातो. तुमच्या स्प्रिंगा जुन्या आहेत. त्यांचे वेढे एकमेकांना टेकले की दांडी वाकली समजा. रोलर घेऊ, पण मूळच्याच मापाचे, एक पॉइंट पाच."

मागच्या सीटवरून आठ वर्षांची इरा म्हणाली, "पपा, जस्ट लिसन टू हिम."

पपांनी ऐकले. आम्ही मनापासून काम केले. व्हॉल्व्हच्या टोकाला शाई लावायची, जहूरने इंजिन हाताने फिरवायचे, मी रॉकर काढून रेघ बघायची. रोलर, म्हणजे रॉकरच्या टोकाचे छोटे चाक, व्हॉल्व्हच्या मधोमध फिरला तर रेघ बारीक आणि मध्यावर उमटते. कडेला सरकली तर दांडीची लांबी चुकली. चार वेळा लांबी बदलली तेव्हा रेघ मध्यावर आली. "यल्ला, शादी हो गई," जहूर म्हणाला.

हे रॉकर ज्या खुंटीवर डोलतात तिला स्टड म्हणतात. वरच्या नटाच्या पोटात एक छोटा स्क्रू असतो, त्याला लॉक म्हणतात. तो स्टडच्या माथ्यावर घट्ट टेकला की नट जागचा हलत नाही. त्यासाठी माथा सपाट लागतो. आम्ही सोळा नवे स्टड आणले होते, त्यातल्या एकाचा आटा खराब निघाला. गुरुवारची दुपार. दुकान शनिवारी उघडणार, आणि नेने कुटुंब शुक्रवारी हत्ताला, डोंगरातल्या गावी, सहलीला निघणार. मी सहाव्या सिलिंडरला एक जुना स्टड बसवला. त्याचा माथा ओबडधोबड होता. शनिवारी बदलू म्हणालो, तेही मनातल्या मनात. जहूरला सांगितले नाही. त्याने सोळाही लॉक कसले.

शुक्रवारी हत्ताच्या रस्त्यावर तो नट सुटला. रॉकर निखळला, दांडी वाकली, गाडी बंद. आसपास सावली नाही. दोन तासांनी एका ट्रकवाल्याने त्यांना उचलले तोवर इरा बेशुद्ध पडली होती. तिला एक दिवस इस्पितळात सलाईनवर ठेवावे लागले. ती बरी झाली. हे आधीच सांगतो, कारण मला स्वतःला ते कळायला रविवार उजाडला होता.

शनिवारी अरबाबने, म्हणजे आमच्या मालकाने, दोघांना उभे केले. "लॉक किसने किया?"

मी म्हणालो, "जहूरने."

"मैंने कसा था अरबाब, कसम से," जहूर म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी जमिनीकडे बघितले. अरबाब म्हणाला, "खलास." त्याच दिवशी जहूरचा व्हिसा कॅन्सल करायला दिला.

सोमवारी मी इंजिन उघडले. स्क्रू त्या जुन्या माथ्याच्या एका कडेवरच टेकला होता. कोणी कितीही कसला असता तरी सुटलाच असता. जहूरचे विमान गुरुवारी होते. त्याची खोली माझ्या खोलीपासून दहा मिनिटांवर. तीन दिवस होते. मी गेलो नाही. घराचा स्लॅब अर्धा होता, समिधा शाळेत होती, व्हिसा माझाही त्याच अरबाबचा होता. ही कारणे कोणी मला माफ करावे म्हणून लिहिलेली नाहीत.

सन २००० मध्ये पार्ट विकणारा रफिक सहज बोलून गेला, की जहूर परत आलाय, अल कुसैसच्या एका गॅरेजात आहे. पहिल्या सुट्टीला गेलो. तो वाकून एक चाक बसवत होता. प्रत्येक नट तो दोनदा कसत होता, मग परत पहिल्यापासून. शेजारचा मिस्त्री हसून म्हणाला, "इसको वहम है."

मी तो जुना स्टड त्याच्या हातावर ठेवला आणि सगळे सांगितले. त्याने माथ्यावरून अंगठा फिरवला. 

"तीन साल," तो म्हणाला, "तीन साल मैं सोचता रहा कि उस बच्ची को मैंने मार ही डाला था. मेरी बीवी से पूछो, मैं घर का दरवाज़ा भी दो बार देखता हूँ."

"जहूर..."

"जाओ, दौलत भाई. अभी जाओ."

मी आलो. दोन महिने काही नाही. मग एका शुक्रवारी तो अल क्वोजला माझ्या दारात उभा. "नेनेसाहब के घर चलो. उनके सामने बोलो."

गेलो. प्रमिलावहिनींनी पोहे केले होते, ते तसेच राहिले. मी बोललो. नेनेसाहेब उठून खिडकीशी गेले. "इतकी वर्षं मी या माणसाच्या नावाने बोटं मोडतोय," एवढेच म्हणाले. अकरा वर्षांच्या इराने मला विचारले, "सो इट वॉझन्ट जहूर अंकल?"

"नाही बाळा. मी होतो."

ती उठली आणि पोह्यांची बशी जहूरच्या हातात दिली. मला दिली नाही. बरोबर केले.

अरबाबलाही सांगितले. तो म्हणाला, "पुराना बात, हबीबी." जहूरला परत बोलावतो म्हणाला, पण जहूर गेला नाही. मला वाटले होते मला काढील. त्याने काढले नाही, याची मला अजून लाज वाटते.

पुढच्या महिन्यात नेनेसाहेबांनी गाडी जहूरकडे नेली. रॉकर त्याने निवडले, स्टीलचे, मूळच्याच मापाचे. शाई त्याने लावली, लॉक त्याने कसले. मी दिवा धरला. तो काही विचारीत नव्हता, मी काही सुचवत नव्हतो. सोळावा लॉक झाल्यावर त्याने चहा मागवला. दोन.

ती गाडी तेव्हापासून हत्ताला किती वेळा गेली याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. त्यातल्या दोन खेपांना आम्हीही होतो.

कलम ५. वरचे कलम लिहून झाल्यावर आज दुपारी मी जहूर आणि नेनेसाहेबांना साक्षीदार म्हणून बोलावले. वकिलांकडे माझ्याबरोबर आलेल्या नेनेसाहेबांना तेव्हा त्यांचा सल्ला आठवला, की ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. मी म्हटले, मग दुसरा साक्षीदार बघू. जहूर नको म्हणाला.

"औज़ार मेरे पास बहुत हैं. गवाही मुझे देनी है."

मी म्हटले, "पेटी घे रे. चांगले पाने आहेत. जर्मन आहेत."

"मुझे मालूम है कैसे हैं. मैंने ही तो साफ़ किए हैं छह साल." मग म्हणाला, "एक दिन मेरे बारे में तुम बोले थे और मैं सुनता रहा. अब तुम्हारे बारे में मैं बोलूँगा."

त्यामुळे कलम ४ मधील पहिले वाक्य रद्द. सर्व औजारे समिधाला. जहूरला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही, आणि हे त्याच्या इच्छेने आहे.

वर लिहिलेले सर्व नेनेसाहेबांनी जहूरला हिंदीत वाचून दाखवले. कलम ४ सुद्धा, एक शब्द न गाळता.

ठिकाण : अल क्वोज, दुबई
दिनांक : १४ नोव्हेंबर २००३
सही : दौलत राघो शिगवण

आम्ही दोघे साक्षीदार समोर बसलेले असताना सदर इसमाने सही केली, आणि त्याच्यासमोर आम्ही केली.

साक्षीदार १ : चारुदत्त वामन नेने, अल कुसैस. (सही)

साक्षीदार २ : जहूर अहमद, अल कुसैस. (सही उर्दूत. सहीखाली साक्षीदाराने सांगितले तसे नेने यांनी लिहिले : "आदमी पूरे होश में है. जो लिखा है, सच लिखा है. मैं इसे बारह साल से जानता हूँ.")